शेवटचा भाग आणि पुढचा हंगाम

"या वयात कार्टून?" हा प्रश्न आता माझ्या अंगवळणी पडला आहे. चाळिशी उलटलेला, दिवसभर कचेरीत फायली हाताळणारा माणूस घरी येऊन जपानी अ‍ॅनिमे बघतो, ही गोष्ट पुष्कळांना पचत नाही. आमच्याकडे ती अजून 'भुरग्यांची' करमणूक समजली जाते. गंमत अशी की हा प्रश्न विचारणारे बहुतेक माझ्याच वयाचे असतात आणि त्यांनीही १९९०च्या दशकात दूरदर्शनवर 'जंगल बुक' डोळे फाडून बघितलेलं असतं. गुलजारांचं शीर्षकगीत आणि विशाल भारद्वाज यांची चाल आजही सगळ्यांना पाठ आहे. पण तो मोगली निप्पॉन अ‍ॅनिमेशन या जपानी संस्थेने १९८९ साली काढलेल्या ५२ भागांच्या मालिकेतला, हे कितीजणांना ठाऊक आहे? तेव्हा आपल्या पिढीला अ‍ॅनिमे नवा नाही, त्याचं नाव तेवढं नवं आहे.

असो. आज लिहायचं आहे ते शेवटांविषयी. अ‍ॅनिमेचा एक हंगाम संपतो तेव्हाचा शेवटचा भाग, आणि काही वर्षांनी येणारा त्याचा पुढचा हंगाम. या दोन गोष्टींवर चाहते जेवढे भांडतात तेवढे दुसऱ्या कशावरच भांडत नाहीत. मीही त्यातलाच. (पुढे काही मालिकांचे शेवट उघड केले आहेत. ज्यांना त्या कोऱ्या मनाने बघायच्या आहेत त्यांनी इथेच थांबावं!)

आधी थोडं व्यवहाराचं बोलू, म्हणजे हे भांडण कशावरून होतं ते कळेल. जपानी दूरचित्रवाणीचं वर्ष चार तिमाहींचं. जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या महिन्यांत नव्या मालिका सुरू होतात. अशा एका तिमाहीला तिथे 'कूर' म्हणतात आणि एका कूरमध्ये साधारण १२-१३ भाग बसतात. बहुतेक मालिका आधी छापून आलेल्या मांगावर, म्हणजे चित्रकथेवर, किंवा कादंबरीवर बेतलेल्या असतात. पैसा घालते ती 'निर्मिती समिती'. तिच्यात पुस्तकाचा प्रकाशक असतो, वाहिनी असते, गाण्यांची कंपनी असते, कधी खेळणी विकणारेही असतात. प्रत्येकाचा हिशेब वेगळा. प्रकाशकाच्या दृष्टीने मालिका ही बऱ्याचदा पुस्तकाची जाहिरात असते. मग होतं काय, की गोष्ट मध्यावर आलेली असते, पण मिळालेले भाग संपतात. शेवटच्या भागात नायक एका टेकडीवर उभा राहून दूर कुठेतरी बघतो, वारा सुटतो, गाणं सुरू होतं आणि पडदा! पुढचं हवं तर पुस्तक विकत घ्या. पुढचा हंगाम येईल की नाही, हे देव जाणे आणि समिती जाणे.

आम्हा कारकुनांना ही अवस्था चांगली परिचयाची आहे. एखादं प्रकरण निकाली निघणं वेगळं आणि 'पुढील आदेशापर्यंत' म्हणून कपाटात जाणं वेगळं. दोन्ही फायली टेबलावरून हलतात खऱ्या, पण अर्जदाराला फरक नेमका समजतो.

तर सांगायचा मुद्दा असा. हंगामाच्या शेवटाला मी एकच प्रश्न विचारतो. पहिल्या भागात जो सवाल टाकला होता त्याचा या हंगामापुरता तरी निकाल लागला का? सगळी गोष्ट संपायला हवी असा माझा आग्रह नाही. आणि पुढच्या हंगामाला विचारायचा प्रश्न असा, की मागच्या शेवटाने पात्रांकडून जी किंमत वसूल केली ती हा हंगाम मानतो का? की सगळं पुसून पुन्हा पहिल्यासारखं चालू? चित्रं किती सुंदर, मारामाऱ्या किती चपळ, हे सगळं माझ्या लेखी त्यानंतरचं.

या फूटपट्टीने बघितलं तर 'द प्रॉमिस्ड नेव्हरलँड'चं उदाहरण मोठं बोलकं आहे. २०१९ साली पहिला हंगाम आला, १२ भागांचा. एक छानसा अनाथाश्रम, प्रेमळ 'आई', हसरी मुलं. आणि मग कळतं की ही मुलं राक्षसांच्या ताटात वाढण्यासाठी पोसली जात आहेत. इथून सुटायचं कसं, हा सवाल. शेवटच्या भागात मुलं भिंत ओलांडून दरीपार जातात. गोष्ट अर्धीसुद्धा झालेली नाही, पण हंगामाचा सवाल सुटला. मागे उरलेल्या त्या 'आई'चं दुःखही आपल्याला दाखवलं. शेवट असावा तर असा!

आणि २०२१चा दुसरा हंगाम? ११ भाग. मूळ मांगाचे २० खंड होते. त्यातली मधली मोठमोठी प्रकरणं सरळ गाळली. ज्यासाठी वाचक थांबले होते तो गोल्डी पाँडचा भाग तर आलाच नाही. शेवटच्या भागात एमा आणि तिच्या सोबत्यांनी राक्षसांच्या जगात पुढे काय काय केलं, ते एकामागून एक स्थिर चित्रं दाखवून काही मिनिटांत उरकलं. लग्नाच्या आल्बमची पानं कुणी भराभर उलटावीत तसं. चाहते संतापले ते मांगाची पानं गाळली म्हणून, असं वरवर पाहता वाटतं. मला कारण वेगळं दिसतं. पहिल्या हंगामात एकेक पाऊल मोजून टाकणारी मुलं दुसऱ्या हंगामात फुकटात जिंकली. जे कष्ट आपण बघितलेच नाहीत त्याचं फळ आपल्या हातात ठेवलं, तर ते गोड कसं लागणार?

मूळ कृतीशी इमान राखलं की शेवट आपोआप चांगला होतो, असंही नाही. इथे 'फुलमेटल अल्केमिस्ट' आठवावी. हिरोमु आराकावा या लेखिकेची मांगा २००१ ते २०१० चालली. बोन्स स्टुडिओने २००३ साली त्यावर ५१ भागांची मालिका सुरू केली तेव्हा मूळ कथा अर्धवट होती, म्हणून त्यांनी शेवट स्वतः रचला. थोरला भाऊ एडवर्ड आपल्या जगात, जर्मनीत येऊन पडतो आणि भावापासून दुरावतो. मग २००९ साली त्याच स्टुडिओने 'ब्रदरहूड' नावाने ६४ भागांत तीच कथा मुळाबरहुकूम पुन्हा सांगितली. त्यात एडवर्ड आपली किमया, ज्या विद्येवर तो जगतो ती विद्याच, देऊन टाकतो आणि भावाला परत आणतो. एकाच कथेचे दोन शेवट. कुठला खरा, यावर चाहत्यांची अजून जुंपते. मला दोन्ही पटतात. काही मिळवायचं तर तेवढ्याच मोलाचं काही द्यावं लागतं, हा त्या कथेचा पायाच आहे आणि दोन्ही शेवट तो पाळतात.

आता थोडी थट्टा 'अटॅक ऑन टायटन'ची. २०१३ साली सुरू झालेल्या या मालिकेचा 'अंतिम हंगाम' डिसेंबर २०२०मध्ये आला. मग २०२२मध्ये अंतिम हंगामाचा दुसरा भाग. मग मार्च २०२३मध्ये अंतिम प्रकरण. आणि नोव्हेंबर २०२३मध्ये त्या अंतिम प्रकरणाचा अंतिम भाग! 'अंतिम' या शब्दाची एवढी ओढाताण मी आमच्या कचेरीतल्या स्मरणपत्रांतही बघितलेली नाही. पण थट्टा बाजूला ठेवली, तर त्या शेवटात एक महत्त्वाची गोष्ट घडली. एरेन हा नायक आपल्या माणसांना वाचवायचं म्हणून जगातली बहुतांश माणसं चिरडून टाकतो. २०२१मध्ये मांगा संपली तेव्हा त्याचा मित्र आर्मिन याबद्दल त्याचे आभार मानतो की काय असं वाटावं, असा संवाद होता. त्यावर मोठा वाद झाला. अ‍ॅनिमेत मूळ लेखक हाजिमे इसायामानेच तो संवाद बदलला. आता आर्मिन त्या पापातला आपला वाटा उचलतो आणि आपण दोघेही नरकातच भेटू, असं मित्राला सांगतो. चार-सहा वाक्यांचा फरक, पण एक शेवट कत्तलीकडे डोळेझाक करतो आणि दुसरा तिच्याकडे बघतो. लाखो कोवळी मुलं हे बघतात. म्हणून शेवट म्हणजे नुसती करमणुकीची बाब आहे, असं मी मानत नाही.

माझ्या मते पुढचा हंगाम कसा असावा याचा आदर्श म्हणजे 'विनलंड सागा'. माकोतो युकिमुरा यांची ही मांगा २००५ साली सुरू झाली आणि २०२५ साली संपली. काळ अकराव्या शतकाचा, माणसं व्हायकिंग. पहिला हंगाम २०१९चा, २४ भागांचा. थोरफिन या पोराच्या बापाला आस्केलाद नावाचा दरोडेखोर मारतो. पोरगा त्याच्याच टोळीत राहून वाढतो, एकाच आशेवर, की कधीतरी द्वंद्वयुद्धात याला मारीन. आणि शेवटच्या भागात आस्केलाद मरतो खरा, पण दुसऱ्याच्या हातून! ज्यासाठी बालपण जाळलं तो सूडच हातातून निसटला. त्या भागाचं नाव काय, तर 'प्रस्तावनेचा शेवट'. २४ भाग झाल्यावर म्हणतात, ही नुसती प्रस्तावना होती!

दुसरा हंगाम जानेवारी ते जून २०२३. मधे स्टुडिओ बदलला, विटकडून काम मापाकडे गेलं, पण दिग्दर्शक शुहेई याबुताच राहिले. थोरफिन आता डेन्मार्कमधल्या एका शेतावर गुलाम आहे. आयनार नावाच्या दुसऱ्या गुलामाबरोबर तो जंगल तोडतो, बुंधे उपटतो, गहू पेरतो. भागांमागून भाग तलवार दिसत नाही. रात्री स्वप्नात त्याने मारलेली माणसं येतात. बऱ्याच चाहत्यांनी तेव्हा नाकं मुरडली. "हा काय शेतीचा कार्यक्रम आहे काय?" असा एकूण सूर. पण आपण कुळागरात, शेतात राबणाऱ्यांच्या मुलखातली माणसं. जमीन लागवडीखाली आणणं म्हणजे काय हे आपल्याला कुणी सांगायला नको. त्या पोराने आजवर फक्त गावं जाळली होती. भाकरी कुठून येते हे त्याला पहिल्यांदा कळतं, आणि आपण ज्यांची पिकं जाळली ती माणसं कोण होती हेही तेव्हाच कळतं. हंगामाच्या अखेरीस राजा क्नूटला भेटू द्यावं म्हणून तो एका दांडग्या सैनिकाचे शंभर ठोसे खातो, पण हात उगारत नाही. आपल्याला कुणी शत्रूच नाही, असं म्हणतो. हेच त्याच्या बापाने पहिल्या हंगामात त्याला सांगितलं होतं. कळायला एवढी वर्षं गेली. आणि अगदी शेवटी तो आइसलंडला, आईच्या दारात परततो.

पहिल्या हंगामातल्या चटकदार लढायांवर आपण टाळ्या वाजवल्या होत्या. दुसरा हंगाम त्या लढायांचा हिशेब मांडतो, थोरफिनकडून आणि थोडा आपल्याकडूनही. पुढच्या हंगामाने हे धाडस केलं नाही, पुन्हा त्याच लढाया वाढवून वाढवून दाखवल्या, तर पहिल्याचीही किंमत उतरते.

आता कुणी म्हणेल, शेवटाचं एवढं काय घेऊन बसलात, प्रवास महत्त्वाचा. आणि मांगा वाचलेल्याला शेवट आधीच माहीत असतो. बरोबर आहे. पण आमच्याकडे जत्रेतल्या दशावतारी काल्याला रात्रभर जागणाऱ्या माणसालाही शेवटी कोण मरणार हे ठाऊक असतंच की! तरी तो पहाटेपर्यंत बसतो. काय होणार यासाठी नव्हे, तर ते नीट पार पडतं का हे बघायला. गायकाने भैरवी न गाता तंबोरे गुंडाळले तर मैफल ऐकलेली सगळी असते, तरी माणूस चुटपुटत घरी जातो. तसंच हे.

चाहत्यांनाही मात्र एक सांगावंसं वाटतं. शेवट आपल्या मनासारखा झाला नाही म्हणून तो वाईट ठरत नाही. हिदेआकी आन्नो यांच्या 'इव्हॅन्जेलियन'चे २६ भाग मार्च १९९६मध्ये संपले. शेवटचे दोन भाग चक्क पात्रांच्या मनात घडतात आणि लढाईचा निकाल बाजूलाच राहतो. ओरड झाली. १९९७ साली चित्रपट काढून दुसरा शेवट दिला. मग २००७ ते २०२१ अशा चौदा वर्षांत चार चित्रपट करून ती कथा नव्याने संपवली. एका माणसाला आपल्या गोष्टीचा निरोप घ्यायला पाव शतक लागलं! मला तो पहिला, अर्धवट म्हणून हिणवलेला शेवटही प्रामाणिक वाटतो. स्वतःचा तिरस्कार करणाऱ्या पोराला जगायची परवानगी स्वतःकडूनच मिळते. त्या मालिकेचा सवाल तोच तर होता.

अलीकडे मनात राहिलेला शेवट म्हणजे 'फ्रीरेन'च्या पहिल्या हंगामाचा, मार्च २०२४मधला. २८ भाग झाले, जादूगारांची मोठी परीक्षा संपली. जिंकलेल्या फेर्नला बक्षीस म्हणून हवा तो मंत्र मागायला सांगतात, तर ती कपडे स्वच्छ धुण्याचा मंत्र मागते! मग सगळे आपापल्या वाटेने निघतात. रडारड नाही, मिठ्या नाहीत. कारण काय, तर पुन्हा कधी गाठ पडली तर आज रडल्याची लाज वाटेल. दार उघडं ठेवायचं आणि तरी निरोप पुरा घ्यायचा, हे दोन्ही एकाच भागात साधतं. आपल्याकडेही घरातून निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. हंगाम संपवणाऱ्यांनी एवढं जरी साधलं तरी आम्ही पुढची दोन-तीन वर्षं खुशाल वाट बघू.