ज्ञानगंगा सातपुड्यावर चढावी कशी?

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी, खुद्द पंतप्रधानांच्या उपस्थितीत, देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. दहा वर्षांनी, २०२० च्या टाळेबंदीत, महाविद्यालयांचे तास भ्रमणध्वनीवर भरू लागले, तेव्हा त्याच जिल्ह्यातील अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांच्या अनेक डोंगरी पाड्यांवर ते तास ऐकण्यापुरतेही संपर्कजाळे नव्हते. ज्या शासनाला नागरिकाच्या बोटांचे ठसे दिल्लीपर्यंत नेता आले, त्याला अर्थशास्त्राचा एक तास त्या नागरिकापर्यंत आणता आला नाही.

यावरून दूरशिक्षणच टाकाऊ, असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. मुक्त विद्यापीठाची कल्पना पुढे नेली ती समाजवाद्यांनी. १९६३ मध्ये हॅरॉल्ड विल्सन यांनी ती मांडली आणि मजूर सरकारातील मंत्री जेनी ली यांच्या चिकाटीमुळे १९६९ मध्ये ब्रिटनचे मुक्त विद्यापीठ उभे राहिले. महाराष्ट्रात १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद. पण गंगा घरोघरी नेण्याची पद्धत केवळ पुस्तके टपालात टाकण्याची नव्हती. स्वयंअध्ययनासाठी लिहिलेला पाठ, जवळचे अभ्यासकेंद्र, तेथील संपर्कसत्रे आणि गृहपाठ तपासणारा मार्गदर्शक, या साऱ्यांवर ती उभी होती. यांतील एक गोष्ट काढली तरी बाकीच्या लंगड्या पडतात.

आज नेमके तेच घडण्याचा धोका आहे. पाठ लिहिणे किंवा ध्वनिचित्रित करणे हा स्थिर खर्च होय. तो एकदा केला की दहाहजारावा विद्यार्थी जवळजवळ फुकट पडतो. गृहपाठ तपासण्याचा खर्च मात्र विद्यार्थ्यागणिक वाढतो. म्हणून काटकसरीची कात्री प्रथम चालते ती मार्गदर्शकावर, आणि शिक्षण घडते ते तर तेथेच! शहरातील नोकरदार ही उणीव मित्रांकडून वा शिकवणीवर्गातून भरून काढील. ज्याच्या घरात तोच पदवीचा पहिला विद्यार्थी, त्याने मागणीचा वक्र खाली का उतरतो हे कोणाला विचारावे? केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ व्यासपीठावरून सत्रातील शेकडा ४० पर्यंत अभ्यासक्रम घेण्याची मुभा २०२१ च्या नियमांनी दिली आहे. चांगल्या प्राध्यापकाची व्याख्याने खेड्यात ऐकू यावीत, याला कोणाचा विरोध असणार? परंतु रिक्त जागा न भरण्याचे निमित्त म्हणून ती वापरली गेली, तर पडद्यावरचा प्राध्यापक हा वर्गातल्या प्राध्यापकाच्या हकालपट्टीचा हुकूम ठरेल.

नंदुरबारची स्थिती तर आणखी बिकट. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात साक्षरता शेकडा ८२ होती, या जिल्ह्यात ६४. येथील पुष्कळ विद्यार्थ्यांची घरची भाषा भिली, पावरी किंवा मावची. पाठ्यपुस्तकातली मराठी हीच त्यांना परकी, मग इंग्रजी व्याख्यानांचे काय सांगावे? शिवाय दिवाळीनंतर असंख्य कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात, ती उन्हाळ्यात परततात. शैक्षणिक वर्षाचा उत्तरार्ध नेमका याच काळात येतो. जो विद्यार्थी फडावर कोयता चालवतो आहे त्याला गैरहजर ठरवून नापास करणारे विद्यापीठ ‘मुक्त’ कसे?

तेव्हा मागण्या स्पष्ट हव्यात. पाठ छापील स्वरूपात आणि भ्रमणध्वनीत एकदाच उतरवून घेता येतील असेही मिळावेत. त्यासाठी अखंड संपर्कजाळ्याची अट नको. संपर्कसत्रे पावसाळ्यात आणि होळीनंतर दाट ठेवावीत, परीक्षा ऊसतोड संपल्यावर घ्यावी. गृहपाठावर नुसता गुणांचा आकडा न टाकता, चूक कोठे झाली ते दोन ओळींत लिहून तो पंधरवड्यात परत करावा. मार्गदर्शक होण्यासाठी स्थानिक बोली जाणणाऱ्या पदवीधरांना रीतसर मानधन द्यावे. या जिल्ह्यात ते आता दुर्मीळ राहिलेले नाहीत. धडगाव, मोलगी आणि तोरणमाळ येथे गेल्या वर्षभरात किती संपर्कसत्रे प्रत्यक्ष भरली, याची माहिती कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकारात मागवावी आणि ती येत्या अधिसभेच्या बैठकीपूर्वी सदस्यांच्या हाती द्यावी.