कामावरील अपघात आणि मुकादमाची उचल

दिवाळी सरली की पिंपळनेर परिसरातील पाड्यांवरून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या दक्षिण गुजरातकडे निघतात. सोबत कोयते, भांडीकुंडी, लेकरे आणि डोक्यावर मुकादमाकडून घेतलेली उचल. फडात एखाद्याचा हात कापला जातो, भरलेल्या गाडीवरून कुणी खाली कोसळतो. चार दिवस उपचार होतात आणि तो माणूस उचल न फिटलेली घेऊन घरी परततो.

मोठ्या दुर्घटनांची दखल घेतली जाते. शिरपूरजवळ वाघाडी येथे ३१ ऑगस्ट २०१९ रोजी रासायनिक कारखान्यात झालेला स्फोट आणि १८ एप्रिल २०२३ रोजी आपल्याच साक्री तालुक्यात, निजामपूरजवळ, मेणबत्तीच्या कारखान्यातील आगीत झालेला चार महिला कामगारांचा मृत्यू आपण विसरलेलो नाही. एकट्या मजुराच्या तुटलेल्या अंगठ्याची मात्र बातमी होत नाही. त्याचा हिशोब मुकादमाच्या वहीतच मिटवला जातो.

हा हिशोब कायद्याला मान्य नाही, हे आम्हांस आज सांगावयाचे आहे. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यातील तरतुदी २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट झाल्या आहेत. नुकसानभरपाईच्या रकमेतून कोणतेही येणे वळते करून घेता येत नाही, हा जुना नियम तेथेही कायम आहे. उचल हा वेगळा व्यवहार आहे. जखमेच्या भरपाईतून ती कापता येत नाही.

रक्कमही क्षुल्लक नसते. तीस वर्षे वयाच्या व महिना १२,००० रुपये मिळवणाऱ्या मजुराचा अंगठा पूर्ण गेला, तर कमाईच्या क्षमतेची ३० टक्के हानी मानली जाते आणि भरपाई सुमारे ४ लाख ४९ हजार रुपये होते. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च निराळा. मुकादम हातावर दहा-वीस हजार टेकवून कोऱ्या कागदावर अंगठा मागतो, तेव्हा ही संख्या आठवावी. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार मुळातच निरर्थक असतो. मृत्यू झाल्यास तर रक्कम सक्षम प्राधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते.

सारे काही पहिल्या दिवसाच्या नोंदीवर अवलंबून असते. रुग्णालयात 'घरी पडलो' असे सांगण्यास मजुराला भाग पाडले जाते, आणि तेथेच प्रकरण निम्मे हरते. डॉक्टरांना अपघात कामावर झाला, कोठे व केव्हा झाला हे स्पष्ट सांगावे व केसपेपरवर लिहून घ्यावे. मालकास लेखी कळवून प्रत जवळ ठेवावी. पावत्या, सोबत्यांची नावे, मुकादमाच्या वहीतील पानाचे मोबाईलवर काढलेले छायाचित्र, हे सारे पुरावेच होत. वेतनचिठ्ठी नाही म्हणून निराश होण्याचे कारण नाही. कारखान्यात ई.एस.आय. लागू असल्यास लाभ तेथून मिळतात.

'हा आमचा माणूस नव्हे, मुकादमाचा आहे,' असे कारखाने म्हणतात. ठेकेदारामार्फत काम करून घेणाऱ्या मूळ मालकावरही कायदा जबाबदारी टाकतो. मात्र फडात, कारखान्याच्या आवाराबाहेर घडलेल्या अपघातात यावर वाद होतो. म्हणून अर्जात मुकादम व कारखाना दोघांनाही सामील करावे.

अनेकांना ठाऊक नसते की अपघात बारडोलीकडे झाला तरी दाव्यासाठी गुजरातला खेटे घालावे लागत नाहीत. मजूर वा त्याचे वारस जेथे राहतात तेथील, म्हणजे धुळे जिल्ह्यातील सक्षम प्राधिकाऱ्याकडे दोन वर्षांच्या आत अर्ज करता येतो. स्त्रिया व अनुसूचित जमातींच्या व्यक्तींना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील विनामूल्य मिळतो, मग उत्पन्न कितीही असो. त्यासाठी १५१०० हा दूरध्वनी क्रमांक आहे. धर्मग्रामातील शिकलेल्या तरुणांनी टोळ्या निघण्यापूर्वीच प्रत्येक कुटुंबाला तो लिहून द्यावा आणि मुकादमाचे पूर्ण नाव, गाव व कारखान्याचे नाव घरी राहणाऱ्या वडीलधाऱ्यांपाशी नोंदवून ठेवावे.