एका सत्राचे परदेशी शिक्षण आपल्या मुलांना का परवडत नाही?

१९२२ मध्ये बाबासाहेब जर्मनीतील बॉन विद्यापीठात काही काळ होते. कोलंबिया आणि लंडन आपल्याला तोंडपाठ आहे. बॉनचे नाव मात्र जयंतीच्या भाषणात क्वचितच येते, कारण तिथून पदवी आली नाही. आपल्या शिष्यवृत्ती योजनाही असाच हिशेब करतात: पूर्ण पदवी असेल तरच पैसे.

आता अनेक विद्यापीठांचे परदेशी विद्यापीठांशी विद्यार्थी-देवाणघेवाणीचे करार आहेत. पाच-सहा महिने तिकडे शिकायचे, फी इथल्याच कॉलेजात भरायची. १८१८ साली स्थापन झालेल्या, जुन्या राजवाड्यात भरणाऱ्या बॉनसारख्या विद्यापीठात बसायला मिळणार म्हटल्यावर आमच्या वस्तीतली मुले हरखतात. मग खर्चाचा कागद हातात पडतो. जर्मनीच्या व्हिसासाठी दरमहा ९९२ युरोची सोय दाखवावी लागते. सहा महिन्यांचे रुपयांत सहा लाखांच्या घरात जातात. ते निघण्याआधीच खास खात्यात ठेवायचे, तिथून दरमहा ठराविक रक्कमच निघते. तिकीट वेगळेच. बाप बिगारी, आई धुण्याभांड्याला, अशा घरात एवढी रक्कम एकदम कुठून येणार?

अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठीची राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती दरवर्षी ७५ जणांना आहे, पण पदव्युत्तर पदवी आणि पीएच.डी.साठी. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीही तशीच. त्यातून २०२२ मध्ये भारतीय संस्कृती, इतिहास आणि समाज यांवरचे विषयच वगळले गेले. (जातीचा अभ्यास करू पाहणाऱ्याने मग काय शिकायचे?) युरोपीय संघाची इरॅस्मस प्लस मदत आहे, पण आपले कॉलेज त्या करारात असेल तरच. ज्या कॉलेजांत आपली बहुसंख्य मुले शिकतात, तिथे असे करार फारसे दिसत नाहीत.

आमची मागणी साधी आहे. राज्याच्या योजनेत काही जागा एका सत्रासाठी ठेवाव्यात आणि मंजुरीपत्र व्हिसाच्या अर्जाआधी हातात द्यावे. शिष्यवृत्तीचे पत्र व्हिसासाठी आर्थिक पुरावा म्हणून चालते. मग घरच्यांना सहा लाख आधी उभे करावे लागणार नाहीत.

सरकार हलेपर्यंत आणखी एक वाट आहे. जर्मनीत राहणारी, पुरेसे उत्पन्न असलेली व्यक्ती तिथल्या कार्यालयात खर्चाचे हमीपत्र देऊ शकते. ही कायदेशीर जबाबदारी आहे, सही करण्यापूर्वी नीट विचार हवाच. पण आपले कितीतरी अभियंते आज तिकडे नोकरीला आहेत. विहार समित्यांनी निदान त्यांची यादी तरी करायला घ्यावी. हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होते, व्हिसाला काही महिने जातात. म्हणजे हे काम उन्हाळ्यातच व्हायला हवे.