पंख्याचा वारा आणि सुपरचार्जरचा दाब

नामपूरच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव असला की पहाटेपासून पिकअप आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. नंबर लागेपर्यंत करायला काही नसतं, म्हणून पोरं मोबाइल काढून बसतात. माझ्या भाच्याला ती जाहिरात अशाच एका रांगेत दिसली: इलेक्ट्रिक सुपरचार्जर, कुठल्याही गाडीला बसणारा, ताकदही वाढवणारा आणि अ‍ॅव्हरेजही. किंमत दोन हजारांच्या आत. आठवड्यानं पार्सल आलं आणि त्यानं त्याच्या जुन्या १२०० सीसीच्या पेट्रोल गाडीत, एअर फिल्टरच्या पुढच्या होजमध्ये ते बसवून घेतलं. संध्याकाळी फोन आला, "मामा, गाडी जबर पयस!"

त्याच्या आनंदावर पाणी टाकायची मला हौस नव्हती. पण पैसे कष्टाचे होते, आणि गावातले आणखी चार जण त्याच्याकडे पत्ता मागत होते. म्हणून हा विषय मुळापासून तपासला. त्यात मला दोन बाजूंशी भांडावं लागलं. पंखा विकणाऱ्याचं म्हणणं खोटं आहेच. पण विजेवर चालणारा सुपरचार्जर ही कल्पनाच खोटी आहे, असं ठासून सांगणारे शिकलेले लोकही चुकतात.

आधी विक्रेत्याची बाजू, ती जितकी भक्कम मांडता येईल तितकी मांडतो. इंजिनची ताकद शेवटी हवेवर ठरते. सिलिंडरमध्ये जितकी हवा जाईल, त्या प्रमाणातच पेट्रोल जाळता येतं. हवा दाबून भरली तर त्याच सिलिंडरमध्ये जास्त हवा मावते, जास्त पेट्रोल जळतं, जास्त ताकद मिळते. सुपरचार्जर पट्ट्यावर फिरतो, टर्बो सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरावर फिरतो. मग तेच काम विजेच्या मोटरीनं का होऊ नये? यातला एकही शब्द चूक नाही, आणि म्हणूनच ही जाहिरात चांगल्या चांगल्यांना पटते. फसवणूक पुढच्या पायरीवर आहे. दाबून भरायला मोटर किती मोठी लागते, हे डब्यावर कुठेच लिहिलेलं नसतं.

तो पंखा आम्ही गॅरेजमध्ये काढला. पांढऱ्या प्लॅस्टिकचं कडं, आत सात-आठ पाती, दोन वायरी. बॅटरीला जोडून अ‍ॅम्पिअर मोजले तर चारच्या आसपास. बारा व्होल्टवर चार अ‍ॅम्पिअर म्हणजे पन्नास वॅटदेखील नाहीत. हेडलाइटचा एक बल्ब याहून जास्त खातो. मग शेजारच्या बांधकामावरच्या गवंड्याकडून लेव्हलची पारदर्शक नळी आणली, यूसारखी वाकवून भिंतीला बांधली, आत गुलाल कालवलेलं पाणी भरलं. पंख्याचं तोंड पुठ्ठ्यानं बंद केलं आणि नळीचं एक टोक पुठ्ठ्याला भोक पाडून आत घातलं. सगळी वाट बंद असताना पंखा जास्तीत जास्त किती दाब देतो, ते यात डोळ्यांनी दिसतं. बटण दाबलं. पंखा मोठ्यानं घोंगावला आणि दोन्ही बाजूंच्या पाण्यात फरक पडला बोटाच्या एका पेराएवढा, जेमतेम दोन सेंटिमीटर.

आता हा दाब कशाशी ताडून पाहायचा? वातावरणाचा दाब म्हणजे साधारण दहा मीटर उंच पाण्याचा स्तंभ. टर्बो किंवा सुपरचार्जर लावलेल्या साध्या गाडीत त्यावर निम्मा दाब आणखी चढवतात असं धरलं, तरी नळीतलं पाणी पाच मीटर वर जायला हवं. दुमजली घराच्या गच्चीजवळ. आमच्याकडे ते पेरभर चढलं होतं. दहा मीटरमध्ये दोन सेंटिमीटर म्हणजे हजारात दोन भाग. गाडी ऐंशी अश्वशक्तीची असेल तर वाढ एका अश्वशक्तीच्या सहाव्या भागाइतकी, आणि तीही वाट बंद असतानाचा दाब वाट उघडल्यावर टिकतो असं मानलं तर. तो टिकत नाही.

कुणी म्हणेल, हा पंखा हलका निघाला, भारीतला घ्या. म्हणून सगळ्यात उदार हिशेब करू. १२०० सीसीचं इंजिन मिनिटाला सहा हजार फेरे घेतं तेव्हा दर सेकंदाला सुमारे पन्नास लिटर हवा ओढतं, म्हणजे पाण्याचे वीस लिटरचे अडीच जार, एका सेकंदात. जगातला सर्वोत्तम पंखा आणला, त्याचे पन्नास वॅट एकही वाया न जाता सगळे हवा दाबण्यात गेले, तरी एवढ्या हवेवर त्याला शेकडा एक इतकाच दाब चढवता येईल. कारागीर कितीही कुशल असला तरी पन्नास वॅटमधून याहून जास्त निघत नाही. निम्म्या वातावरणाचा दाब चढवायचा तर त्याच इंजिनला पाच किलोवॅटच्या आसपास ताकद लागते, पंख्याच्या शंभरपट. पाच किलोवॅट बारा व्होल्टवर काढायचे तर चारशेच्या वर अ‍ॅम्पिअर. लहान गाडीचा अल्टरनेटर सत्तर-नव्वद अ‍ॅम्पिअर देतो, त्यातलेही दिवे, एसीचा ब्लोअर आणि इंजिनची स्वतःची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आधीच घेऊन बसलेली असते. बॅटरीवरच चालवू म्हणाल तर ती काही मिनिटांत बसेल.

खरं तर हे मोसम खोऱ्यातल्या शेतकऱ्याला समजावून सांगायची गरज पडू नये. विहिरीवर मोटर बसवताना आपण पहिला प्रश्न हेडचा विचारतो. पाणी किती फुटांवरून उचलायचंय? पाइप कितीही जाड घेतला तरी कूलरमधल्या छोट्या पंपानं शंभर फुटांवरचं पाणी वर येत नाही, हे शाळेत न गेलेल्या माणसालाही ठाऊक आहे. डाळिंबावर फवारणी करणारा ब्लोअर आपण ट्रॅक्टरच्या पीटीओवर चालवतो, टेबलफॅनच्या मोटरीवर नाही. वारा वेगळा आणि दाब वेगळा, हे रोजच्या कामात आपण पाळतो. तोच माणूस गाडीचं बॉनेट उघडलं की हे विसरतो, कारण तिथे कुणी हेड विचारायला शिकवलेलंच नाही. दोष शेतकऱ्याचा नाही. अर्धी माहिती विकणाऱ्याचा आहे.

"पण मला फरक जाणवतो," हा भाच्याचा शेवटचा बचाव होता, आणि तो मी हसण्यावारी नेला नाही. फरक जाणवतो याची कारणं खरी असतात. पंखा बसवताना फिल्टर झटकला जातो. बॅटरीची वायर सुटते आणि इंजिनच्या संगणकानं जमवलेली जुनी बेरीज पुसली जाते. एअर बॉक्स उघडल्यानं हवा ओढण्याचा आवाज मोठा होतो, आणि आवाज वाढला की वेग वाढल्यासारखा वाटतो. शिवाय पैसे घातलेला माणूस नकळत पाय थोडा जास्त दाबतो. यावर उपाय एकच. पंख्याचं बटण शेजारी बसलेल्याच्या हातात द्यायचं, चालवणाऱ्याला ते चालू की बंद हे सांगायचं नाही, आणि सपाट मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये चाळीसवरून साठवर जायला किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून मोजायचं. पुनःपुन्हा, दोन्ही दिशांनी. आम्ही तसं केलं. चालू कधी होता आणि बंद कधी, हे भाच्याला ओळखता आलं नाही आणि घड्याळालाही नाही.

आता दुसरी बाजू. पंख्याची गोष्ट ऐकून गावातल्या एका विज्ञान शिकवणाऱ्या स्नेह्यांनी निकाल दिला, "मुळात हे शक्यच नाही. वीज कुठून येणार? अल्टरनेटरमधून. अल्टरनेटर कोण फिरवतं? इंजिनच. म्हणजे इंजिनकडून घ्यायचं आणि इंजिनलाच द्यायचं, वर वाटेत गळती." ऐकायला हे बिनतोड वाटतं, पण ते चूक आहे. हाच तर्क पट्ट्यावरच्या सुपरचार्जरला लावून पाहा. तोही इंजिनकडूनच ताकद घेतो, तरी तो शंभर वर्षांपासून मोटारींत आणि विमानांत चालत आला आहे. कारण जास्तीची ताकद कॉम्प्रेसरमधून येत नाही, ती जास्तीच्या पेट्रोलमधून येते. कॉम्प्रेसर फक्त ते पेट्रोल जळायला जागा करून देतो. ऐंशी अश्वशक्तीच्या इंजिनवर सातेक अश्वशक्ती हवा दाबण्यात खर्च झाली आणि त्या बदल्यात पंचवीस-तीस वाढल्या, तर व्यवहार फायद्याचाच आहे. ऊर्जेचा नियम कुठेच मोडत नाही.

आणि विजेवरचा सुपरचार्जर प्रत्यक्षात आहे. २०१६ मध्ये ऑडीनं एसक्यू७ या डिझेल गाडीत तो बसवला. त्याची मोटर सात किलोवॅटपर्यंत ताकद घेते आणि पाव सेकंदाच्या आत मिनिटाला सत्तर हजार फेऱ्यांवर पोचते. त्यासाठी गाडीत अठ्ठेचाळीस व्होल्टची वेगळी व्यवस्था आणि लिथियमची वेगळी बॅटरी आहे. पुढच्याच वर्षी मर्सिडीजनं आपल्या सहा सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनात अशीच जोडणी केली. या दोन्ही गाड्यांत धुरावर चालणारे टर्बोही आहेत, आणि खरी खुबी इथेच आहे. टर्बोला फिरायला धूर लागतो. थांबलेल्या गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर दाबला की धूर जमेपर्यंत क्षणभर इंजिन मंद राहतं. तो क्षणच विजेचा कॉम्प्रेसर भरून काढतो आणि टर्बोनं जोर धरला की बाजूला होतो. सात किलोवॅट दोन सेकंद, एवढीच उधारी. बॅटरीला ती जड नाही, आणि नंतर ब्रेक मारताना ती परत भरून घेता येते. हे काम मला मनापासून आवडतं. इंजिनच्या एका जुन्या दुखण्यावर नेमकं बोट ठेवून केलेला तो इलाज आहे. म्हणून पंख्याला सुपरचार्जर म्हटलेलं मला अधिक झोंबतं.

पिकअपवाल्यांसाठी वेगळं सांगायला हवं, कारण ताहाराबादहून पिंपळनेरकडे शेलबारी घाट भरल्या गाडीनं चढायचा असतो तो त्यांना. डिझेल पिकअपला टर्बो कारखान्यातूनच बसवलेला असतो. त्याच्या तोंडाशी हा पंखा लावला की जोरात असताना टर्बो पंख्याच्या कितीतरी पट हवा ओढतो, आणि पाती मदत करायची सोडून वाटेत अडथळा होऊन उभी राहतात. डिझेल इंजिनात हवा तशीही गरजेपेक्षा जास्त असते. डिझेल न वाढवता नुसती हवा वाढवून ताकद वाढत नाही. सगळ्यात वाईट म्हणजे प्लॅस्टिकचं एखादं पातं तुटलं तर ते जाणार मिनिटाला लाखभर फेरे घेणाऱ्या टर्बोच्या चाकात. फिल्टर त्याच्या मागे राहिलेला असतो, वाटेत अडवायला दुसरं काही नाही. दोन हजारांच्या वस्तूपायी मग टर्बोच बदलावा लागतो.

गाडी घाटात दमत असेल तर तिच्यात बहुधा काहीतरी साधंच बिघडलेलं असतं. आमच्याकडच्या गाड्यांच्या फिल्टरमध्ये मार्केटची धूळ आणि कांद्याची टरफलं इतकी बसतात की फिल्टर झटकताना खाली लालसर थर साचतो. टर्बोपासून इंटरकूलरकडे जाणाऱ्या होजला चीर गेलेली असते आणि दाबलेली हवा वाटेतच फुसफुसून जाते. क्लच प्लेट घसरते, ब्रेक चिकटून राहतात, टायरमध्ये हवा कमी असते. भाच्याच्या गाडीत तिसऱ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन कमी निघालं, व्हॉल्व्ह नीट बसत नव्हता. पंख्याचे आणि तो बसवण्याचे पैसे सिलिंडर हेडच्या कामाला लागले असते.

विकणाऱ्यांकडून मला एवढंच हवं आहे की डब्यावर तीन आकडे छापावेत: मोटर किती वॅटची, इंजिन पूर्ण जोरात हवा ओढत असताना ती किती दाब देते, आणि त्या वेळी किती अ‍ॅम्पिअर घेते. विहिरीच्या मोटरीवर पाटी असते तशी. हे आकडे छापायला कुणी तयार नसेल, तर ती वस्तू सुपरचार्जर म्हणून विकण्यावर बंदी असावी.

ती लेव्हलची नळी गवंड्याला परत दिली नाही, त्याला नवी आणून दिली. गॅरेजच्या भिंतीवर खाली दोन सेंटिमीटरची खूण केली आहे. पाच मीटरची खूण करायला भिंत पुरली नाही, म्हणून ती समोरच्या कडुनिंबाच्या फांदीला लाल चिंधी बांधून दाखवावी लागते. मागच्या महिन्यात आणखी एक जण डबा घेऊन आला. गॅरेजच्या मिस्त्रीनं पाना बाजूला ठेवला आणि आधी नळीत पाणी भरलं.