कंबरदुखीचे मूळ कामाच्या जागी

गेल्या पावसाळ्यात महाळुंगेच्या बाजूच्या एका कारखान्यात ठेकेदारामार्फत काम करणारा एकोणतीस-तीस वर्षांचा तरुण माझ्याकडे आला. काखेत एमआरआयच्या फिल्मची मोठी पिशवी, कमरेला पट्टा, चेहरा ओढलेला. तीन आठवड्यांपूर्वी रात्रपाळीत वजन उचलताना कमरेत उसण भरली होती आणि आता कळ डाव्या कुल्ल्यातून पोटरीपर्यंत उतरत होती. एका ठिकाणी त्याला ‘गादी सरकली आहे, आठवड्याच्या आत ऑपरेशन करा, नाहीतर पाय जाईल’ असे सांगण्यात आले होते. गावाकडची अर्धा एकर जमीन गहाण टाकण्याची बोलणी सुरू झाली होती. मी त्याला तपासले, टाचांवर चालायला लावले, चवड्यांवर चालायला लावले. पायाची ताकद शाबूत होती, लघवीची तक्रार नव्हती. आज तरी ऑपरेशनची गरज नाही, असे मी सांगितले तेव्हा तो सुटकेचा श्वास टाकील अशी माझी अपेक्षा होती. तो म्हणाला, “ते बरं झालं डॉक्टर. पण चिठ्ठीवर ‘वजन उचलू नये’ असं काही लिहू नका. लिहिलं तर उद्यापासून गेट बंद.”

वाचकहो, हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलेले नाही. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात टेल्को आणि बजाज आल्या, त्यानंतर चाकणपर्यंत शेडच शेड उभ्या राहिल्या. जुन्या पिढीतल्या कायम कामगाराची कंबर धरली तर त्याला कंपनीचा डॉक्टर असे, युनियन असे, चार महिने हलके काम मिळे. आज ठेकेदाराच्या हजेरीपटावरचा मुलगा दुखणे लपवतो, मेडिकलमधून गोळी घेतो आणि त्याच ट्रॉलीतून तेच कास्टिंग उचलत राहतो. माझे स्पष्ट मत असे, की या पट्ट्यातल्या कंबरदुखीवर आपण दवाखान्यात गरजेपेक्षा जास्त उपचार करतो आणि कामाच्या जागी जवळजवळ काहीच करत नाही.

आधी ‘गादी सरकली’ या शब्दाविषयी. पाठीच्या कण्यातील दोन मणक्यांच्या मध्ये जी चकती असते तिला आपण गादी म्हणतो. तिचे कवच चिवट आणि आतला गर मऊ असतो. वारंवार वाकून, वळून वजन उचलले की कवचाला चीर जाते, गर मागे फुगतो आणि शेजारच्या नसेवर दाब व सूज येते. मग पायात कळ, मुंग्या, बधिरपणा. म्हणजे गादी ड्रॉवरसारखी बाहेर सरकलेली नसते, त्यामुळे कोणी दाबून ती आत बसवण्याचाही प्रश्न येत नाही. आपल्याकडे उसण भरली की पायाळू माणसाकडून पाठीवर लाथ मारून घेण्याची पद्धत आहे. साधी उसण आठवड्याभरात आपसूक उतरते, श्रेय पायाळूला मिळते. लाथ हलकी असेल तर माझी हरकत नाही; पण पायात बधिरपणा आला असेल तर हा प्रयोग कृपा करून करू नये.

आता एमआरआय. हे यंत्र उत्तम आहे, मात्र ते दुखणे दाखवत नाही, आकार दाखवते. २०१५ साली अनेक अभ्यास एकत्र करून एक आढावा प्रसिद्ध झाला. ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा तीन हजारांहून अधिक लोकांच्या कण्याच्या तपासण्या त्यात पाहिल्या होत्या. विशीतल्या निरोगी माणसांपैकी ३७ टक्क्यांच्या गाद्या झिजलेल्या आणि ३० टक्क्यांच्या फुगलेल्या आढळल्या. ऐंशीच्या घरात हेच प्रमाण अनुक्रमे ९६ आणि ८४ टक्के झाले. म्हणजे रिपोर्टमध्ये ‘बल्ज’ हा शब्द आला म्हणून माणूस आजारी ठरत नाही. केस पांढरे व्हावेत तसे ते आहे. रिपोर्ट आणि रुग्णाची तपासणी जुळली तरच त्याला अर्थ. ज्या डॉक्टरने तुमचा पाय हातात न धरता फक्त फिल्म दिव्यासमोर धरली, त्याच्या सल्ल्यावर जमीन गहाण टाकू नका.

गादीमुळे पायात उतरणारी कळ बहुतेकांना दीड ते तीन महिन्यांत पुष्कळ कमी होते. बाहेर आलेला गर शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेते, हे पुन्हा काढलेल्या एमआरआयमध्ये दिसते. या काळात दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त अंथरुणाला खिळून राहू नये. त्याने स्नायू दुबळे होतात. सोसेल तेवढे चालावे, दुखण्याची गोळी डॉक्टरांच्या सांगण्यावरून थोडे दिवस घ्यावी, नंतर पोटाच्या व पाठीच्या स्नायूंचे व्यायाम शिकून घ्यावेत. पट्टा आठवडा-दोन आठवडे ठीक. वर्षानुवर्षे पट्टा बांधणारे कामगार मी पाहतो, तेव्हा पट्ट्यापेक्षा त्यांच्या मनातल्या भीतीची काळजी वाटते. नसेजवळ दिले जाणारे इंजेक्शन कळ काही आठवडे कमी करते, तेवढ्यात व्यायाम सुरू करता येतो. त्याहून अधिक अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नये. तीन महिने नीट उपचार करूनही पायाची कळ जगू देत नसेल तर शस्त्रक्रियेचा विचार जरूर करावा. योग्य रुग्णात ती चांगला गुण देते. ती पायाच्या कळेसाठी असते, नुसत्या कंबरदुखीसाठी तिचा उपयोग बेताचाच.

मात्र काही वेळा एक दिवसही थांबू नये. लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, बैठकीच्या जागी बधिरपणा आला, पाऊल लुळे पडून चप्पल निसटू लागली तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावे. येथे उशीर केला तर कायमचे अपंगत्व येते. ताप, वजन घटणे आणि रात्री झोपेतून उठवणारी कंबरदुखी असेल तर मणक्याचा क्षय आधी तपासावा. एका खोलीत सहा-सात जण राहणाऱ्या परगावच्या मुलांत हे विसरून चालणार नाही. क्षयाची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि वेळेत घेतली तर बहुतेक वेळा ऑपरेशन टळते. आणखी एक, तरुण मुलाची कंबर सकाळी अर्धा-पाऊण तास आखडते आणि काम करता करता मोकळी होते, तर ते वजन उचलल्याचे दुखणे नसून मणक्याचा संधिवात असू शकतो. अशा मुलाने संधिवाततज्ज्ञाला दाखवावे. वेळेवर औषध मिळाले तर पुढे कणा बांबूसारखा ताठ होणे बऱ्याच अंशी टाळता येते.

त्या तरुणाने दुसऱ्या खेपेला आपल्या आईलाही आणले. मावशींचे दोन्ही गुडघे झिजलेले, पाय धनुष्यासारखे वाकलेले. आयुष्य शेतात उकिडवे बसून खुरपण्यात गेले, आता उकिडवे बसताच येत नाही. त्यांचा प्रश्न एकच, यंदा आकुर्डीच्या मुक्कामापासून पालखीबरोबर चालता येईल का. गुडघेदुखीत पहिली औषधे दोन, मांडीच्या पुढच्या स्नायूचा व्यायाम आणि वजन कमी करणे. एक किलो वजन उतरले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. बहुतेक जण ती उलट धरतात. कमोडचे नुसते स्टूल आणले तरी निम्मी तक्रार सुटते. झिजेच्या गुडघ्यात दुर्बीण घालून ‘साफसफाई’ करण्याचा सल्ला कोणी दिला तर एक गोष्ट लक्षात ठेवा. २००२ साली अमेरिकेत ह्यूस्टन येथे १८० रुग्णांवर झालेला प्रयोग प्रसिद्ध झाला. काहींची खरी दुर्बीण-शस्त्रक्रिया केली, काहींच्या कातडीवर फक्त छेद देऊन टाके घातले. दोन वर्षांनंतर दोन्ही गटांच्या दुखण्यात फरक आढळला नाही.

सांधा पूर्ण झिजला, रात्रीची झोप गेली, घरातल्या घरात चालणे अवघड झाले, की सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया खरोखर वरदान ठरते. आपल्या पुण्यात डॉ. के. एच. संचेती यांनी भारतीयांच्या गुडघ्यांसाठी ‘इंडस’ हा कृत्रिम सांधा विकसित केला. ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने सर्रास वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याची कमाल किंमत ५४,७२० रुपये ठरवली, जीएसटी वेगळा. त्याआधी हाच सांधा सरासरी दीड लाखांच्या वर पडत होता. म्हणून बिलात सांध्याचे नाव, कंपनी आणि किंमत वेगळी लिहून मागावी. मागायला लाजू नये. मावशींना मी व्यायाम आणि काठी दिली, एका मुक्कामापुरते चालण्याची परवानगी दिली आणि पुढे गाडीने जायला सांगितले. त्या रुसल्या, पण ऐकले.

त्यांच्याच पिशवीतून एक पुडी निघाली. वारीत कोणीतरी दिलेली ‘वातावरची पावडर’, नाव नाही, लेबल नाही. घेतली की दोन तासांत उभारी. अशा पुड्यांत बहुधा स्टिरॉइड मिसळलेले असते. ते दीर्घकाळ पोटात गेले तर साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात आणि खुब्याच्या चेंडूचा रक्तपुरवठा तुटून हाड आतल्या आत मरते. दारूनेही हेच होते. कोविडमध्ये स्टिरॉइड घेतलेल्या काही रुग्णांतही २०२१ पासून असे खुबे दिसू लागले. तिशी-चाळिशीतल्या माणसाची जांघ दुखत असेल, मांडी घालता येत नसेल, तर साधा एक्स-रे सुरुवातीला चांगला येऊनही आजार असू शकतो. मघाशी एमआरआयवर मी टीका केली, परंतु इथे तो लवकर करावाच. सुरुवातीलाच सापडले तर खुबा वाचवण्याचे प्रयत्न करता येतात.

पुन्हा त्या ट्रॉलीकडे येतो. किती वजन उचलणे सुरक्षित, याचे एक सूत्र अमेरिकेच्या व्यवसाय-आरोग्य संस्थेने १९९१ साली सुधारून मांडले. वजन शरीराजवळ, कमरेच्या उंचीवर, न वळता, अधूनमधून उचलायचे असेल तर मर्यादा २३ किलो. तेच वजन अर्धा मीटर पुढे हात करून उचलायचे झाले की मर्यादा साडेअकरा किलोंवर येते. जमिनीवरून उचलणे, अंग पिळणे, मिनिटाला चार-पाच वेळा उचलणे, या प्रत्येकाने ती आणखी घटते. त्या तरुणाचे कास्टिंग त्याच्या सांगण्याप्रमाणे अठरा किलोंचे होते आणि ते घोट्याएवढ्या उंचीवरच्या ट्रॉलीतून काढून, वळून, यंत्रावर ठेवायचे होते. एका पाळीत तीनशे नग. इथे माझ्या गोळीने काय करावे?

हे आपल्याकडे कोणाला सुचलेच नव्हते असे नाही. पुण्यात स्वतः वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्या बाबा आढावांनी हमालांच्या पाठी पाहिल्या आणि हमाल पंचायत उभी केली. शंभर किलोचे पोते पन्नासवर आले पाहिजे, हा आग्रह त्या चळवळीने वर्षानुवर्षे धरला. माझ्या दृष्टीने अस्थिरोगावरचा तो मोठा उपचार होता. १९४८ च्या कारखाने कायद्यातही, इजा होईल इतके जड ओझे कोणाला उचलायला लावू नये, असे ३४ वे कलम होतेच. प्रश्न असा, की ‘इतके’ म्हणजे किती, हे लाइनवर कोण मोजतो?

कारखानदार मंडळींना मी खर्चिक काही सुचवत नाही. ट्रॉलीखाली लोखंडी स्टँड वेल्डिंग करून ती कमरेच्या उंचीवर आणावी. यंत्राची आणि ट्रॉलीची जागा अशी ठेवावी की पावले टाकून वळता येईल, कमरेतून नव्हे. दर दोन तासांनी माणसांची कामे आलटून-पालटून द्यावीत. कामगारांना सांगणे असे, की वजन उचलताना कळ आली तर त्याच पाळीत सुपरवायझरला सांगा आणि अपघातवहीत नोंद करायला लावा. हळूहळू वाढलेल्या दुखण्याला कामावरची इजा म्हणून मान्यता मिळवणे पुढे फार अवघड जाते. पगारातून ईएसआयची रक्कम कापली जात असेल तर आपला विमा क्रमांक पाठ ठेवा; चिंचवडच्या मोहननगरला त्यांचे रुग्णालय आहे. कामावर इजा झाल्याचे मान्य झाले तर बरे होईपर्यंत सरासरी मजुरीच्या ९० टक्के आणि साध्या आजारपणात ठरावीक दिवस ७० टक्के रक्कम मिळण्याची तरतूद या योजनेत आहे. ठेकेदाराचा माणूस असला तरी तो हक्क जात नाही.

त्या तरुणाच्या चिठ्ठीवर मी ‘वजन उचलू नये’ लिहिले नाही. ‘कमरेच्या उंचीवरून, १० किलोपर्यंत, न वळता उचलण्यास हरकत नाही’ असे लिहिले. सुपरवायझर समजूतदार निघाला, त्याने त्याला पॅकिंगला घेतले. तिसऱ्या महिन्यात त्याची पायाची कळ गेली, जमीन वाचली. ट्रॉली मात्र होती तिथेच आहे. तिच्यावर आता बीडकडचा एक बावीस वर्षांचा मुलगा उभा असतो. गेल्या सोमवारी तो माझ्याकडे आला होता, उजव्या कुल्ल्यात कळ घेऊन. अपघातवहीत नोंद केलीस का, असे मी विचारले. तशी वही असते हेच त्याला ठाऊक नव्हते.