सहलीच्या हिशेबातली माणसे

परभणी जिल्ह्यातले चुडावा हे पूर्णा आणि नांदेड यांच्यामधले लहानसे स्टेशन. निजामाच्या अमदानीत, १९०० च्या सुमारास, हैदराबादहून मनमाडला जाणारा गोदावरी खोऱ्यातला लोहमार्ग झाला आणि पुढे तो टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाला. आज याच रुळांवरून पॅसेंजर जाते, अमृतसरची सचखंड एक्स्प्रेस जाते आणि मुंबई–जालना वंदे भारत ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेडपर्यंत वाढवल्यापासून तीही जाते. पॅसेंजर चुडाव्याला थांबते, वंदे भारत थांबत नाही. रूळ तेच, शिवारही तेच, तिकिटाच्या किमतीत मात्र कितीतरी पटींचा फरक. मुलांच्या परीक्षा संपत आल्या की हाच फरक घराघरांत जेवणाच्या ताटावर येऊन बसतो. यंदा जरा ऐटीत जायचे, की नेहमीप्रमाणे काटकसरीत?

या प्रश्नाला आपल्याकडे ठरलेले उत्तर आहे: अंथरूण पाहून पाय पसरावेत. उत्तर शहाणपणाचे आहे, पण त्यात एक उणीव आहे. त्या अंथरुणावर किती जणांना झोपायचे आहे, हे ती म्हण सांगत नाही.

बँकेत नोकरी करणाऱ्यांना रजा प्रवास सवलत असते. चार वर्षांच्या मुदतीत एकदा भारतात कुठेही सहकुटुंब जाता येते आणि अवलंबून असलेले आई-वडीलही त्या कुटुंबात धरले जातात. अधिकाऱ्याची श्रेणी जितकी वरची, तितका गाडीचा डबा वरचा. मराठी मध्यमवर्गाने काश्मीर, कन्याकुमारी आणि दार्जिलिंग पाहिले ते बऱ्याच अंशी सरकारी कचेऱ्या, विमा कंपन्या आणि बँका यांच्या अशा सवलतींच्या जोरावर. नोकरीच्या काळात ही बिले माझ्या टेबलावरून जात. तिकिटांचे आकडे तपासता तपासता नावांकडेही लक्ष जाई. एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसे. प्रवासाचा वर्ग चढत गेला की यादीतली नावे घटत जात. आई-वडिलांची तिकिटे सवलतीत बसत, पण हॉटेल, टॅक्सी आणि जेवण खिशातूनच करायचे असे. हॉटेल मोठे निवडले की दोन खोल्यांऐवजी एकच परवडे, आणि मग ‘आईला एवढी दगदग झेपायची नाही’ असे ठरे. आईला कोणी विचारलेले असेच असे नाही.

ऐषारामी प्रवासाची ही खरी किंमत आहे. तिचे दर माणशी असतात. २००४ साली सुरू झालेल्या ‘डेक्कन ओडिसी’ या आलिशान गाडीतल्या आठवडाभराच्या सफरीचे भाडे माणशी लाखांच्या घरात जाते. ती सहल ज्यांच्यासाठी आहे त्यांनी जरूर करावी, त्यात पाप काही नाही. आपल्या घरांतली ऐट त्याहून पुष्कळ लहान असते. विमान, तारांकित हॉटेल, खोलीतून समुद्र दिसला पाहिजे एवढीच. पण तिथेही भागाकार तोच. रक्कम ठरलेली असेल, तर दर दुप्पट झाला की माणसे निम्मी होतात. मागे राहणारे निम्मे कोण, हे ठरवायला बैठक बसत नाही. आजी घर सांभाळते, आजोबांना पथ्य असते, विधवा मावशी स्वतःच ‘तुम्ही जाऊन या’ म्हणते.

म्हणून काटकसरीचा प्रवास आपोआप पुण्यवान ठरतो काय? तसेही नाही. स्वस्त सहलीचा खर्च नाहीसा होत नाही, तो घरातल्या बाईच्या अंगावर पडतो. निघण्याच्या आदल्या रात्री दशम्या, पुऱ्या आणि चटणी ती करते. धर्मशाळेत स्टोव्ह पेटवून आठ जणांची खिचडी तीच टाकते, रात्री सामानाच्या उशाशी तीच जागी असते आणि परतल्यावर कपड्यांचा ढीगही तीच उपसते. घरातले सगळे म्हणतात, किती स्वस्तात काशी झाली! तिच्या दृष्टीने फक्त स्वयंपाकघर काशीला जाऊन आलेले असते.

मराठी पर्यटन संस्थांनी ही मेख ओळखली. १९८४ साली सुरू झालेली ‘केसरी’ असो की २०१३ साली निघालेली ‘वीणा वर्ल्ड’, अशा सहलींत जेवणाची आणि सामानाची काळजी दुसरा कोणीतरी वाहतो. परमुलखात वरण-भात मागणाऱ्या मराठी माणसाची थट्टा पुष्कळ झाली. त्या पानावर बसलेल्या बाईला आठ दिवस आयते ताट मिळते आहे, हे थट्टा करणाऱ्यांच्या लक्षात आले नाही. असा खर्च चैनीच्या खात्यात लिहू नये. तो तिच्या सुट्टीचा खर्च आहे.

स्वस्तात जाणाऱ्याने हाल सोसलेच पाहिजेत, हा समजही जुना आहे. सहलीचा आधुनिक व्यवसाय मुळात स्वस्ताईतून उभा राहिला. ५ जुलै १८४१ रोजी इंग्लंडात टॉमस कुक यांनी सुमारे पाचशे माणसांना दारूबंदीच्या सभेसाठी लेस्टरहून लफबरोला आगगाडीने नेले, माणशी एक शिलिंग घेऊन. आपल्याकडे गांधीजींनी १९१७ मध्ये तिसऱ्या वर्गाच्या प्रवासावर लिहिले. पहिल्या वर्गाचे भाडे पाचपटीहून अधिक होते हे मान्य करून त्यांनी विचारले, की तिसऱ्या वर्गाला त्या सुखसोयींचा पाचवा, निदान दहावा हिस्सा तरी मिळतो काय? १९७४ मध्ये तिसरा वर्ग नावापुरता गेला, लाकडी फळ्या राहिल्या. १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री असलेल्या मधू दंडवते यांनी दुसऱ्या वर्गाच्या शयनयानात त्या फळ्यांवर दोन इंचांचा फोम बसवायला सुरुवात केली. पहिल्या वर्गाची गादी त्यांनी काढून घेतली नाही. खालच्या वर्गाची पाठ तेवढी वाचवली. गेल्या अर्धशतकात सामान्य कुटुंबाला प्रवासाची उमेद देणारी इतकी साधी सुधारणा मला दुसरी आठवत नाही.

या बाबतीत आपली एस.टी. अधिक समंजस निघाली. १ जून १९४८ रोजी नगर–पुणे मार्गावर पहिली गाडी सोडणाऱ्या एस.टी.ने ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास दिला आणि मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट. रेल्वेने मात्र ज्येष्ठांची सवलत, पुरुषांना ४० टक्के आणि स्त्रियांना ५० टक्के, मार्च २०२० मध्ये थांबवली. घरातल्या यादीतून आजोबांचे नाव खोडायला असे निर्णयही हातभार लावतात. म्हणून स्वस्त प्रवास सुसह्य असावा, ही मागणी वरच्या डब्यात बसणाऱ्यांनीही केली पाहिजे. त्यांचेही आई-वडील कुठल्यातरी पॅसेंजरची वाट पाहत असतात.

मग करायचे काय? माझ्या मते सगळी सहल एकाच वर्गात बसवण्याचा हट्ट सोडावा. पैसा तिथे घालावा, जिथे शरीर थकते. रात्रीचा लांबचा प्रवास असेल तर म्हाताऱ्या माणसाला वातानुकूलित डब्यातली खालची बर्थ घ्यावी. साठीपुढचे पुरुष आणि पंचेचाळिशीपुढच्या स्त्रिया यांच्यासाठी खालच्या बर्थचा कोटा आहे. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण साठ दिवस आधी उघडते, तेव्हा बेत त्याआधी पक्का हवा. मुक्कामाची जागा देवळापासून वा समुद्रापासून चार पावलांवर घ्यावी, मग तिथे झुंबर नसले तरी चालेल. बचत करायची ती दिवसाच्या प्रवासात, खरेदीत आणि दाखवण्याच्या हौसेत करावी. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात लंगरच्या पंगतीला बसायला पैसे पडत नाहीत आणि तिथे कोणी कोणाचा वर्ग विचारत नाही.

आणि कर्ज काढून सहल करू नये. आता फोनवरच्या चार टिचक्यांत सहलीसाठी कर्ज मिळते. कर्जाच्या टेबलापलीकडे अनेक वर्षे बसलेला माणूस म्हणून सांगतो, घराच्या कर्जाचा हप्ता भरताना निदान डोक्यावर छप्पर असते. आठ दिवसांच्या सहलीचा हप्ता चोवीस महिने भरताना हातात फक्त फोटो असतात.

येत्या सुट्टीचा बेत आखायला कागद घ्याल, तेव्हा वर ठिकाणाचे नाव लिहू नका. आधी माणसांची नावे लिहा, आजीपासून धाकट्यापर्यंत. प्रत्येक नावापुढे त्याला किती चालवते, काय सोसत नाही आणि सहलीत त्याच्याकडे कोणते काम येणार, तेही लिहा. एकाच नावापुढे सगळी कामे आली असतील तर ती वाटून द्या. यादी पुरी झाली, की मग वेळापत्रक उघडा.