माप गोऱ्यांचे, चटका काळ्यांना!

लेझरचा किरण रंग ओळखतो. त्याचा धंदा करणारे मात्र ती तसदी घेतातच असे नाही. केसाच्या मुळाशी जे मेलॅनिन असते, तेच सावळ्या त्वचेच्या वरच्या थरातही असते. ७५५ नॅनोमीटरचा अलेक्झांड्राइट किरण बऱ्याच अंशी त्या थरातच शोषला जातो. परिणामी फोड, काळे डाग, क्वचित कायमचे पांढरे चट्टे. १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग किरण मेलॅनिनमध्ये कमी शोषला जातो व खोलवर पोचतो. म्हणून गडद त्वचेला तो अधिक सुरक्षित. अर्थात बेताची शक्ती आणि त्वचेला गारवा यांची जोड त्यालाही हवीच.

हे ज्ञान गुप्त नाही. परंतु अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ साली त्वचेचे प्रकार ठरविले ते गोऱ्या त्वचेपुरते. तपकिरी व काळ्या त्वचेचे प्रकार मागाहून जोडले गेले. विज्ञानाच्या पंगतीतही काळ्यांची पाने शेवटीच मांडली गेली!

बाजाराने आधी सावळेपणाची लाज पेरली. आता तो तिच्यावरील उपाय विकतो. एकच यंत्र सर्वांवर चालविले, की नफा मालकाचा आणि चट्टे गिऱ्हाइकाचे. यंत्र कोणते, तरंगलांबी किती, चालविणारा त्वचारोगतज्ज्ञ आहे काय, आधी लहानशा भागावर चाचणी होणार काय, हे विचारणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. मात्र सारा भार एकट्या गिऱ्हाइकाच्या सावधपणावर टाकणे ही पळवाट होय. ही उत्तरे दवाखान्याच्या भिंतीवर लावण्याची सक्ती शासनाने केलीच पाहिजे.